विश्लेषण : सांधे वाकण्याआधी तज्ज्ञ गाठता येईल का?

ताईला पहिल्यांदा कळले ते पोळ्या लाटताना. सकाळी लाटणे धरवेना, बोटे आखडलेली. अकरा वाजेपर्यंत हात मोकळे झाले, म्हणून तिने कोणाला सांगितले नाही. तो जुलै महिना होता. संधिवाताच्या तज्ज्ञासमोर ती पहिल्यांदा बसली ती पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये. मधले चौदा महिने कुठे गेले, याचा हिशोब मी नंतर तिच्या फाईलवरून मांडला. मन खट्टू झाले, कारण त्यात वाईट हेतूने वागलेले जवळजवळ कोणीच नव्हते.

आधी फॅमिली डॉक्टरांनी वेदनाशामक दिले. मग 'हाडांचे डॉक्टर', एक्स-रे, कॅल्शियम. मग कोणीतरी म्हणाले की चिकुनगुनिया झाला असणार, तो सहा महिने सांधे सोडत नाही. मग व्हिटॅमिन डीच्या पुड्या. मग शेजारच्या काकूंनी आणून दिलेली एका गावची बिननावाची औषधी पूड. त्या पुडीने आठ दिवसांत ताई अक्षरशः धावायला लागली आणि दोन महिन्यांत तिचा चेहरा सुजला. शेवटी दाजींच्या एका सहकाऱ्याने सांगितले, 'अहो, याचा वेगळा डॉक्टर असतो.' अंबाजोगाईहून पुण्याला फोन लावला, पाच आठवड्यांनंतरची तारीख मिळाली.

त्या दिवशी अकराची वेळ होती. नंबर लागला अडीच वाजता. डॉक्टरांनी दिली आठ-नऊ मिनिटे, त्यातली पाच फाईलमधले कागद लावण्यात गेली. निदान झाले, उपचार सुरू झाले, आज ताई बरीच बरी आहे. पण उजव्या हाताची दोन बोटे वाकली ती वाकलीच.

हा लेख त्या दोन बोटांबद्दल आहे. खासगी तज्ज्ञ गाठणे आपल्याकडे पैशांचा प्रश्न समजला जातो. तो पैशांचा आहेच, पण त्याआधी तो माहितीचा आणि वेळेचा आहे.

एवढी घाई कशाची?

सांधेदुखी म्हटले की आपण ती वयाच्या खात्यात टाकतो. गुडघ्याची झीज हा साधारण वयाबरोबर येणारा आजार. त्यात चालल्यावर दुखते, बसल्यावर बरे वाटते. आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हे वेगळे प्रकरण आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. विश्रांतीनंतर, विशेषतः सकाळी, आखडलेपण जास्त असते आणि ते अर्ध्या-एक तासाहून अधिक टिकते. बहुतेकदा हाता-पायांचे लहान सांधे दोन्ही बाजूंना सुजतात. थकवा येतो, वजन उतरते. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा आजार दोन-तीन पट अधिक आढळतो आणि तो तिशी-चाळिशीतही गाठतो. घरात सगळ्यांत कमी वेळा डॉक्टरकडे जाणाऱ्या माणसालाच तो होतो, हे विसरून चालणार नाही.

हा आजार दुर्मीळ नाही. 1996मध्ये पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे जागतिक आरोग्य संघटनेशी निगडित 'कॉपकॉर्ड' पद्धतीने घरोघरी सर्वेक्षण झाले होते. ग्रामीण भारतातल्या सांध्यांच्या दुखण्यांबद्दल आजही त्याचा दाखला दिला जातो. त्यात आमवाताचे प्रमाण साधारण दोनशे माणसांमागे एक असे आढळले. म्हणजे मध्यम आकाराच्या प्रत्येक गावात या आजाराचे काही रुग्ण असणारच.

घाई यासाठी की सांध्यातील हाडाची झीज पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होऊ शकते आणि झालेली झीज औषधाने भरून येत नाही. पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध सुरू झाले तर आजार आटोक्यात राहण्याची शक्यता खूपच वाढते. ते औषध वेदनाशामक नव्हे. मेथोट्रेक्सेटसारखी औषधे आजाराचा वेगच कमी करतात आणि त्यांचा परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. म्हणून पाच आठवड्यांनंतरची तारीख मिळणे ही केवळ गैरसोय नाही. आधीच वर्ष गेलेले असेल, तर तो आणखी एक हप्ता असतो.

कोणाकडे जायचे, हेच माहीत नसते

आपल्याकडे कोणीही उठून कोणत्याही तज्ज्ञाकडे जाऊ शकतो. ब्रिटनमध्ये तज्ज्ञाकडे जायचे तर साधारणपणे आधी जीपीची चिठ्ठी लागते. ही चिठ्ठी आपल्याला जाच वाटते, पण तिचा एक फायदा असतो : कोणत्या दारात जायचे हे ठरवण्याची जबाबदारी रुग्णावर नसते. आपल्याकडे ती पूर्णपणे रुग्णावर आहे, आणि तो ती शेजारच्या काकू, मेडिकलवाला व यूट्यूब यांच्यात वाटून टाकतो.

सांधे दुखतात म्हणून माणूस अस्थिरोगतज्ज्ञाकडे जातो. ते मुळात शल्यचिकित्सक. मोडलेले हाड, झिजलेला गुडघा, सांधेरोपण हे त्यांचे क्षेत्र. आमवात हा मात्र औषधोपचाराचा आजार आहे. त्याचे तज्ज्ञ म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, आणि ते एमडी मेडिसिननंतर या विषयात डीएम किंवा डीएनबी करतात. काही अनुभवी एमडी फिजिशियननीही या विषयाचे प्रशिक्षण घेतलेले असते आणि ते उत्तम उपचार करतात. पाटीवर मात्र 'संधिवात तज्ज्ञ' असे कोणीही लिहिलेले दिसते. म्हणून पाटीवरचे विशेषण न वाचता नावापुढची पदवी वाचावी. नोंदणी आहे की नाही हे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर पाहता येते, त्याला दोन मिनिटे लागतात. गुगलवरचे तारे पार्किंगची सोय आणि रिसेप्शनवरच्या मुलीचा स्वभाव सांगतात. त्यांच्यावरून डॉक्टर निवडू नये.

असे तज्ज्ञ कमी आहेत आणि जे आहेत ते मुख्यतः मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत एकवटले आहेत. पण बऱ्याच जिल्ह्यांच्या ठिकाणी ते महिन्यातून एकदा-दोनदा 'व्हिजिट'ला येतात. एखाद्या स्थानिक रुग्णालयात, रविवारी सकाळी. या व्हिजिटची माहिती कोणत्याही ॲपवर नीट सापडत नाही. ती असते त्या रुग्णालयाच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर, गावातल्या एमडी डॉक्टरांकडे आणि मोठ्या मेडिकल दुकानांत. ताईच्या बाबतीत हेच झाले. पुण्याच्या दोन खेपा झाल्यावर तिथल्याच साहाय्यक डॉक्टरने सांगितले की एक संधिवाततज्ज्ञ दर महिन्याला लातूरला येतात. अंबाजोगाईहून लातूर तास-दीड तासाचा रस्ता. आम्ही रात्रभर प्रवास करून पुण्याला जात होतो.

इथे माझे स्पष्ट मत सांगतो. दीर्घ आजारासाठी सर्वांत नावाजलेला डॉक्टर शोधू नये, पुन्हा पुन्हा गाठता येईल असा डॉक्टर शोधावा. हर्नियाच्या शस्त्रक्रियेला एकदाच जायचे असते, तिथे लांबचा प्रवास परवडतो. आमवातात पहिल्या वर्षात पाच-सहा वेळा, आणि पुढे अनेक वर्षे जायचे असते. 'मुंबईच्या मोठ्या डॉक्टरला दाखवले' या समाधानात लोक एकदा जाऊन येतात आणि तीच चिठ्ठी दोन-दोन वर्षे मेडिकलवाल्याला दाखवत राहतात. रक्त तपासत नाहीत, डोस बदलत नाहीत. या आजारात तिसरी आणि चौथी भेट पहिलीपेक्षा महत्त्वाची असते, कारण औषध लागू पडले की नाही ते तेव्हा कळते.

फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी का हवी?

सक्ती नाही म्हणून ती टाळू नये. तज्ज्ञाच्या रिसेप्शनवर रोज कितीतरी लोक 'खूप अर्जंट आहे हो' म्हणत असतात. तिथे 'चार महिन्यांपासून दोन्ही मनगटे व बोटांचे सांधे सुजलेले, सकाळी दोन तास आखडलेपण, ईएसआर व सीआरपी वाढलेले, अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह, लवकर पाहावे' अशी डॉक्टरच्या लेटरहेडवरची चार ओळींची चिठ्ठी व्हॉट्सॲपवर गेली, तर तारीख पुढे-मागे करता येते. नेहमीच होते असे नाही, पण होते. आमच्याकडे ही चिठ्ठी नव्हती आणि ती मागायची असते हेही कोणाला सुचले नाही. फॅमिली डॉक्टरांनाही आपला रुग्ण दुसरीकडे जातोय याचा थोडा संकोच होता, ताईला तर त्यांना दुखावण्याची भीतीच. त्या भिडेपोटी ती गुपचूप पुण्याला गेली. परिणाम असा की पुढे जे डॉक्टर दहा मिनिटांच्या अंतरावर तिची तपासणी करू शकत होते, त्यांनाच उपचारांची काही माहिती नव्हती.

काही चिठ्ठ्यांमागे कट असते, हेही लोकांच्या मनात असते आणि ते अगदीच खोटे नाही. रुग्ण पाठवण्यासाठी कमिशन देणे-घेणे वैद्यक परिषदेच्या 2002च्या आचारसंहितेने निषिद्ध ठरवले आहे. चिठ्ठी नेमक्या एका डॉक्टरच्या किंवा एकाच लॅबच्या नावाने हट्टाने दिली जात असेल तर 'दुसरीकडे चालेल का?' असे जरूर विचारावे. प्रामाणिक डॉक्टर त्यावर रागावत नाही.

वेळ घेताना फोनवर काय विचारायचे?

आपण फोनवर फक्त 'डॉक्टर कधी भेटतील?' एवढेच विचारतो. मग बाकीचे तिथे गेल्यावर कळते. फी किती, हे विचारायला लाजू नये. उपचाराआधी फी सांगणे हे 2002च्या त्याच आचारसंहितेनुसार डॉक्टरचे कर्तव्य आहे. किती दिवसांत पुन्हा आल्यास फी कमी लागते किंवा लागत नाही, हेही तेव्हाच विचारावे. काही ठिकाणी सात दिवस असतात, काही ठिकाणी पंधरा. रिपोर्ट आठव्या दिवशी येणार असेल तर हा फरक खिशाला कळतो.

बाहेरच्या लॅबचे रिपोर्ट चालतात का, हा दुसरा प्रश्न. येण्याआधी कोणत्या तपासण्या करून आणू, हा तिसरा. हा प्रश्न सोन्यासारखा आहे. तपासण्या आधी करून नेल्या तर एकाच खेपेत निदान आणि औषध दोन्ही होऊ शकते. नाहीतर पहिली खेप तपासण्या लिहून घेण्यात जाते, दुसरी त्या दाखवण्यात. पण न विचारता 'आर्थ्रायटिस पॅकेज' करू नये. त्यातल्या निम्म्या गोष्टी लागत नाहीत. आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला म्हणजे आमवात झालाच असे नाही, निरोगी माणसांतही, विशेषतः वयस्करांत, तो सापडतो. आणि निगेटिव्ह आला म्हणजे सुटलो असेही नाही. ताईचा आरए फॅक्टर निगेटिव्ह होता. त्यावरच एका लॅबवाल्याने तिला 'काही नाहीये तुम्हाला' असे परस्पर सांगून टाकले होते.

तारीख लांबची असेल तर कोणी रद्द केल्यास आमचे नाव घ्या, असे सांगून ठेवावे आणि दर दोन-तीन दिवसांनी आठवण करावी. चिकाटीने, पण चढ्या आवाजात नव्हे. रिसेप्शनवरच्या व्यक्तीचे नाव लिहून ठेवावे. पुढची चार वर्षे आपला संबंध डॉक्टरपेक्षा तिच्याशीच जास्त येणार आहे.

आणि आता तक्रार. अकराची वेळ वीस जणांना देणे ही 'अपॉइंटमेंट' नव्हे. डॉक्टर उशिरा येतात हे समजू शकते, वॉर्डात कोणी गंभीर असू शकते. पण सगळ्यांना अकराला बोलावून दहा जणांना दोनपर्यंत बसवून ठेवण्याचे कारण वैद्यकीय नाही. डॉक्टरचा एक मिनिटही रिकामा जाऊ नये, म्हणून रुग्णाचे तीन तास खर्ची घातले जातात. मधेच औषध कंपनीचे प्रतिनिधी आत जाऊन येतात ते वेगळेच. ज्याला अर्धा तास एका जागी बसले की उठता येत नाही, अशा माणसाला प्लास्टिकच्या खुर्चीवर साडेतीन तास बसवणारा दवाखाना त्याच्याच आजाराचा असतो, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही. तासा-तासाचे गट पाडून नंबर देणे एवढे अवघड नाही. अनेक दंतवैद्य ते करतात.

फाईल : इथेच भेट जिंकता किंवा हरता

आठ मिनिटे कमी आहेत हे खरे. पण ती आठ मिनिटे कशात जातील हे बऱ्याच अंशी आपल्या हातात असते. ताईने पुण्याला जी पिशवी नेली तिच्यात एक्स-रे होते, चार डॉक्टरांचे केसपेपर होते, मेडिकलची बिले होती, मुलाच्या डोळ्यांच्या चष्म्याचा नंबरही होता. डॉक्टरांनी विचारले, 'स्टिरॉइड कधी घेतले?' कोणालाच सांगता येईना.

दुसऱ्या खेपेला आम्ही एक साधा फुलस्केप कागद केला. वर वय, वजन, इतर आजार. खाली महिन्यावार : कधी काय दुखू लागले, कोणते सांधे सुजले, कोणते औषध किती दिवस घेतले, त्याने काय झाले. शेवटी विचारायचे तीन प्रश्न. रिपोर्ट तारखेप्रमाणे लावले, नवा सर्वांत वर. चालू असलेल्या गोळ्यांची नावे लिहिली आणि पाकिटेही सोबत नेली, कारण 'ती पांढरी छोटी गोळी' या वर्णनात अर्धे औषधशास्त्र बसते. डॉक्टरांनी कागद वाचायला एक मिनिट घेतले आणि उरलेला वेळ हात दाबून पाहण्यात घालवला. सांध्यांच्या आजारात हात दाबून पाहणे हीच खरी तपासणी.

आणखी एक युक्ती, जी आम्हाला उशिरा सुचली. सूज सकाळी असते, भेट दुपारी असते. म्हणून सकाळी सातला सुजलेल्या हातांचे, मूठ किती वळते याचे फोटो मोबाइलवर काढून ठेवावेत. शेजारी कालचे वर्तमानपत्र वगैरे ठेवायची गरज नाही, फोनमध्ये तारीख येतेच.

काही गोष्टी सांगायला लोक लाजतात, त्या आधी सांगाव्यात. बिननावाची पूड घेतली असेल तर ती थोडी सोबत न्यावी. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असल्याचे डॉक्टरांना वारंवार आढळते. ती दीर्घकाळ घेतली असेल तर घाबरून एकदम बंदही करू नये, कशी कमी करायची ते डॉक्टर ठरवतील. पूर्वी क्षयरोग झाला असेल, घरात कोणाला असेल, कावीळ झाली असेल, दारूचे प्रमाण जास्त असेल, तर ते सांगितलेच पाहिजे. त्यावर औषधाची निवड अवलंबून असते. आणि तरुण स्त्रीने गर्भधारणेचा विचार असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर ते सर्वांत आधी सांगावे. मेथोट्रेक्सेट गर्भावस्थेत घेता येत नाही. सासू शेजारी बसलेली असताना हे बोलता येत नसेल तर दोन मिनिटे एकटीने बोलायची मागणी करण्याचा तिला हक्क आहे.

फाईलची एक प्रत फोनमध्ये असावी. सरकारच्या 14 अंकी 'आभा' क्रमांकाला रिपोर्ट जोडण्याची सोय आहे. पण अनेक छोटे खासगी दवाखाने आणि लॅब अजून त्यात नाहीत, म्हणून तूर्त आपली पीडीएफ आपणच सांभाळलेली बरी.

खोलीतून बाहेर पडण्याआधी

आजाराचे नाव कागदावर लिहून घ्यावे. 'वात आहे' हे नाव नव्हे. औषधांची नावे जेनेरिक आणि वाचता येतील अशा, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असे वैद्यक परिषदेच्या नियमात 2016च्या दुरुस्तीने आले आहे. वाचता येत नसेल तर तिथेच विचारावे.

यात एक मुद्दा जिवावरचा आहे. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचे असते, रोज नव्हे. चुकून रोज घेतल्याने तोंडात फोड येणे, रक्तपेशी घटणे आणि मृत्यूही ओढवल्याची उदाहरणे जगभर नोंदली गेली आहेत. डॉक्टरांकडून वार ठरवून घ्यावा आणि तो पाकिटावर मार्करने लिहावा. ताईचा रविवार आहे. सोबतची फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या दिवशी असते, ती आणि ही गल्लत करू नये. हे औषध चालू असताना रक्तपेशी, यकृत, मूत्रपिंड यांच्या तपासण्या सुरुवातीला काही आठवड्यांनी आणि नंतर साधारण दोन-तीन महिन्यांनी लागतात. त्या पुण्यातच व्हायला हव्यात असे अजिबात नाही, अंबाजोगाईतही होतात. ताप आला, धाप लागली, तोंड आले तर कोणाला फोन करायचा, हेही विचारून घ्यावे. उत्तर 'रिसेप्शनला करा' एवढेच असेल तर समजावे की आपल्याला गावात एक डॉक्टर हवाच आहे.

मग पुढच्या भेटी फोनवर होतील का?

बऱ्याच होऊ शकतात. केंद्राने मार्च 2020मध्ये टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. प्रत्यक्ष तपासणीनंतर सहा महिन्यांच्या आत त्याच आजारासाठी घेतलेला सल्ला त्यात 'फॉलो-अप' धरला जातो आणि त्यात चालू औषधे पुन्हा लिहून देता येतात. पहिली भेट व्हिडिओवर करण्यासही नियमाची बंदी नाही, पण सांधा पडद्यावर दाबून पाहता येत नाही. त्यामुळे पहिली भेट प्रत्यक्षच हवी. नंतर मात्र एक आड एक भेट व्हिडिओवर करायला हरकत नसावी. डॉक्टर त्यासाठी फी घेतील, ती द्यावी. फोनवर फुकट सल्ला मिळावा ही आपली अपेक्षाही चूकच आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. खासगी तज्ज्ञ गावातल्या डॉक्टरला दोन ओळींचे पत्र लिहीत नाहीत. 'अमुक आजार, तमुक औषध, या तपासण्या, या लक्षणांवर मला कळवा', इतकेच. हे पत्र असते तर ताईच्या रक्ताचा एक रिपोर्ट बिघडला तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी ते सगळेच औषध बंद केले नसते. असे पत्र मागावे. दुसऱ्या खेपेला आम्ही मागितले आणि डॉक्टरांनी कुरकुर न करता तिथेच लिहून दिले. मागितले नाही म्हणून मिळाले नव्हते, एवढेच.

पैशांचे काय?

पहिल्या खेपेचा खर्च असा : फी 1,500, तपासण्या 3,800, एसटीचे दोघांचे जाणे-येणे 1,900 (ताईचे अर्धे तिकीट धरून), लॉज 1,200, रिक्षा 400, महिन्याची औषधे 1,100. एकूण 9,900 रुपये. यात डॉक्टरची फी सहाव्या हिश्श्याहूनही कमी आहे. आणि आपण घासाघीस, चर्चा, संताप सगळा त्या फीवरच करतो. जवळचा तज्ज्ञ, आधी विचारून केलेल्या तपासण्या आणि एक आड एक व्हिडिओ भेट यांनी जे वाचते ते फी माफ करून वाचत नाही.

आरोग्य विम्याचा या खर्चात फारसा उपयोग होत नाही, कारण बहुतेक पॉलिसी दाखल झाल्याशिवाय पैसे देत नाहीत. महात्मा फुले जन आरोग्य योजनाही मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. तरी नवी पॉलिसी घेताना आजार लपवू नये. आधीपासूनच्या आजारांसाठीचा कमाल प्रतीक्षा काळ एप्रिल 2024पासून चारवरून तीन वर्षांवर आणला आहे. लपवल्यास नेमका गरजेच्या वेळी दावा अडतो. पुढे कधी महागडी बायोलॉजिक इंजेक्शने लागलीच तर ती डे-केअरमध्ये बसतात का, हे पॉलिसीत पाहून ठेवावे. नेहमीच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात स्वस्त पडू शकतात. तिथे जाताना चिठ्ठी जेनेरिक नावाने असणे किती उपयोगी, ते काउंटरवरच कळते.

कागदपत्रे मागितल्यावर 72 तासांत देणे बंधनकारक आहे. 2021च्या सुधारित नियमांनुसार राज्यातील खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचे आहे. पुढच्या वेळी वाट पाहत बसाल तेव्हा भिंतीवर शोधा. वेळ भरपूर असतोच.

ताई आता लातूरला जाते. गेल्या महिन्यात तिथून फोन आला की डॉक्टर या रविवारी येणार नाहीत, पुढच्या महिन्यातच येतील. मेथोट्रेक्सेटच्या दोन आठवड्यांच्या गोळ्या उरल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी तिने 'बरं' म्हणून फोन ठेवला असता आणि दोन आठवड्यांनी गोळ्या थांबल्या असत्या. या वेळी तिने विचारले, 'तोवर हेच चालू ठेवायचं का? रक्त इथेच तपासून रिपोर्ट पाठवू का?' रिसेप्शनवरची बाई म्हणाली, विचारून सांगते. दुसऱ्या दिवशी दुपारी व्हॉट्सॲपवर सहीशिक्क्याची चिठ्ठी आली. ती तिने आधी गावातल्या डॉक्टरांना दाखवली आणि मग मेडिकलमध्ये नेली.